कातडीचं रोप

नाशिक
२० एप्रिल १९८५

प्रिय लता,
सप्रेम जयभीम.

आईचं बरं आहे. गुडघे दुखतात, पण ते तिचं रोजचंच. मी हे वॉर्डात बसून लिहिते आहे. ड्रेसिंगं आटोपलीत आणि चहा अजून यायचा आहे. नर्सिंगला अठरा वर्षं झाली, त्यातली सहा या भाजलेल्यांच्या वॉर्डात. आधी घरी गेल्यावर साडीचा वास यायचा. आता येत नाही. वास गेला की माझं नाक गेलं, कोण जाणे.

कामाचं लिहिते. मागच्या दिवाळीत तू सांगत होतीस की तुमच्या प्रयोगशाळेत कातडीच्या एवढ्याशा तुकड्यापासून मोठी कातडी वाढवतात. मी भाकरी थापत होते, नीट ऐकलं नाही. खरं आहे का ते?

गोजरा म्हणून एक मुलगी आहे आमच्याकडे. बावीस वर्षांची. मखमलाबादकडचे फुलं लावणारे माळी आहेत ना, त्यांच्यातली. एका लग्नाच्या मांडवात मोगऱ्याच्या टोपल्या द्यायला गेली होती. आचाऱ्याची तेलाची कढई कलंडली आणि तेल चुलीत सांडून भडका झाला. निम्म्याहून जास्त अंग गेलंय. एक मांडी, पोटाचा खालचा भाग, उजव्या हाताचा पंजा आणि डोकं तेवढं शाबूत आहे. तिच्याच अंगावरची चांगली कातडी काढून लावायची, तर तेवढी कातडीच नाही.

या वॉर्डात येणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांचा ‘स्टोव्ह भडकलेला’ असतो. मी काही विचारत नाही आणि त्याही सांगत नाहीत. हिचं तसं नाही. हिचं खरंच नशीब. आई भागुबाई दिवसरात्र उशाशी असते. नवरा वाळू एक दिवसाआड येतो, दारात उभा राहतो आणि जातो.

आमच्या सर्जननी परदेशातलं वाचलंय. म्हणाले, “सिस्टर, तुमची बहीण आणत असेल तर लावायला माझी ना नाही.”

लवकर लिही.
तुझी,
सुमनताई


मुंबई
२६ एप्रिल १९८५

प्रिय ताई,
जयभीम.

तू विचारलंस ते खरं आहे, पण अर्धंच.

कातडीच्या अगदी तळाशी काही पेशी असतात. त्या तिथेच राहून वरची सगळी कातडी जन्मभर तयार करत असतात. आम्ही त्यांना मूळ पेशी म्हणतो. तुकड्यातून त्या सुट्या करायच्या, प्लास्टिकच्या बशीत पसरायच्या आणि वासराचं सीरम घातलेलं पाणी दिवसाआड बदलायचं. बशी भरली की उचलून पाच बशांमध्ये लावायच्या. कांद्याचं रोप उपटून वाफ्यात लावतात तसंच. मी आपली त्याला लावणीच म्हणते.

अडचण पुढे येते. आठ-दहा लावण्या झाल्या की पेशी थकतात. मोठ्या आणि चपट्या होतात आणि वाढायच्या थांबतात. उंदराच्या लाळग्रंथीतून काढलेला एक पदार्थ घातला तर त्या जास्त दिवस वाढतात. किती जास्त, ते मोजणं हे माझं काम. नऊ वर्षं मी मोजते आहे. सरांचे लेख छापून येतात, शेवटी आभारात माझं नाव असतं. कधी कधी तेही नसतं. सणवार, रविवार, पाणी बदलायला मी जाते. वीज गेली की पेशी गार पडू नयेत म्हणून रात्रीही धावत जाते. थकण्याचं म्हणशील तर पेशींच्या आधी माझा नंबर लागेल.

आजवर आम्ही तळहाताएवढा एक पापुद्रा केलाय. माणसाच्या अंगावर कधीच लावलेला नाही. सर जूनपर्यंत परदेशात आहेत. त्यांना न विचारता मला हे करता येणार नाही.

एवढं लिहून मी कागद बाजूला ठेवला होता. आज पुन्हा घेतला. ताई, पाठव. टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा पुरे, जांघेतला. सोबत निर्जंतुक बाटली आणि कसं पाठवायचं त्याचा कागद देते आहे. थर्मासमध्ये बर्फ घालून, पण बर्फ बाटलीला टेकू देऊ नकोस. तिची आणि तिच्या आईची लेखी संमती घे. तीन ते चार आठवडे लागतील. तेवढे दिवस तिला सांभाळ.

तुझी,
लता


नाशिक
३० एप्रिल १९८५

प्रिय लता,

आज सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने वाळूला थर्मास देऊन पाठवलंय. हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत तो परतही आला असेल. घाबरट आहे, पण थर्मास मात्र छातीशी धरून गेला.

भागुबाईने अंगठा दिला. गोजराला मी सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या तुकड्याला तिथं दुखल का वो, सिस्टर?”

मी म्हटलं, “नाही गं, त्याला कळत नाही.”

“मंग बरं हाय,” म्हणाली. “न्या मंग.”

तिची सही चौथी शिकलेल्या पोरीची आहे, पण स्वच्छ. संमतीचा कागद मी जपून ठेवलाय.

सुमनताई


मुंबई
९ मे १९८५

प्रिय ताई,

लागल्या. पहिले चार दिवस बशीत काहीच दिसेना. मी कुणाला बोलले नाही. पाचव्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर चार-पाच, चार-पाच पेशींची बेटं झालेली. काल ती बेटं एकमेकांना टेकली. आज मी पहिली लावणी केली.

इतकी जोमदार वाढ मी पाहिलेली नाही. बावीस वर्षांची आहे ना. आम्हाला मिळतात ते तुकडे म्हाताऱ्यांच्या ऑपरेशनमधले असतात.

असंच चाललं तर बावीस-तेवीस मेपर्यंत दहा-बारा पापुद्रे होतील. गोजराला सांग. तिच्या आईलाही सांग.

लता


मुंबई
२० मे १९८५

प्रिय ताई,

घाईत लिहिते. सगळं ठीक आहे. पेशी थोड्या मंद झाल्यात, त्यामुळे आणखी दोन-अडीच आठवडे धरावेत. सर्जनना तसं सांग. गोजरा कशी आहे? तुझं पत्र नाही.

लता


नाशिक
२९ मे १९८५

प्रिय लता,

पत्र लिहायला उशीर झाला. वॉर्ड भरलेला होता, लग्नसराई आहे. आईला आठवडाभर ताप होता, आता उतरलाय.

इकडे शांत आहे. गोजराला आता त्रास नाही. तू घाई करू नकोस, जिवाला जप.

सुमनताई


मुंबई
६ जून १९८५

प्रिय ताई,

गोजराला त्रास कमी झाला हे वाचून बरं वाटलं. ते पत्र मी पर्समध्येच ठेवलंय.

इथे चौदा पापुद्रे तयार होताहेत. पातळ आहेत, ओल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखे, उलगडताना श्वास रोखून धरावा लागतो. सर सोमवारी परत आले. मी सगळं सांगून टाकलं. अर्धा तास ते बोलत होते आणि मी उभी होते. शेवटी त्यांनी बशा बघितल्या. बराच वेळ बघितल्या. मग म्हणाले, “आता एवढं केलंच आहेस तर घेऊन जा. पण मला सगळं लिहून पाहिजे.”

गुरुवारी, तेरा तारखेला येते. पंचवटी नाशिकरोडला रात्री पोचते, म्हणून त्या गाडीने नाही येत, सकाळीच निघते. दुपारपर्यंत पोचेन. सर्जनना वेळ मागून ठेव. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातचं काही कुणाच्या उपयोगी पडणार आहे. मला झोप येत नाहीये.

लता


तार
नाशिक, ८ जून १९८५

येऊ नकोस. गोजरा सत्तावीस मेला गेली. पत्र पाठवते. सुमन


नाशिक
१० जून १९८५

प्रिय लता,

तार मिळाली असेल. आता जे काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन.

सत्तावीस तारखेच्या सोमवारी पहाटे गेली ती. आदल्या तीन दिवसांत जखमांतून विष रक्तात गेलं होतं. अंग तापलं, मग गार पडायला लागलं. सर्जननी होतं नव्हतं ते सगळं औषध दिलं. शेवटी ती भागुबाईला म्हणत होती, “फुलांवर पानी मार, वाळतील.” बस, एवढंच.

मग मी तुला ‘त्रास नाही’ असं का लिहिलं? खोटं नव्हतं ते. पण तू काय समजशील ते मला ठाऊक होतं आणि तरी मी लिहिलं. त्या दिवशी मी तीनदा कागद घेतला. ‘गोजरा गेली’ एवढे दोन शब्द लिहायचे होते. सहा वर्षांत किती जणींच्या घरच्यांना ते तोंडाने सांगितलं, गणती नाही. कागदावर उतरेना. तुझं नऊ तारखेचं पत्र समोर होतं. वाटलं, हिच्या बशीत ती अजून वाढते आहे, वाढू दे चार दिवस. मला कंटाळा आला होता, लता. दुःख म्हणत नाही मी. माणूस गेल्याचं सांगण्याचा कंटाळा. असं कुणी म्हणतं का, पण तेच होतं.

मग तू तिकीट काढलंस.

सुमनताई


मुंबई
१८ जून १९८५

ताई,

तार आली तेव्हा मी पापुद्रे उचलायची तालीम करत होते. माझा तुझ्यावर राग आहे. बारा दिवस मी मेलेल्या मुलीसाठी रात्रंदिवस राबले आणि तुला ठाऊक होतं. हे मला लिहायचंच होतं.

आता दुसरं लिहिते, ते लिहिल्याशिवाय तुझ्यावर रागवायचा मला हक्क नाही.

वीस मेला मी ‘पेशी मंद झाल्यात’ असं लिहिलं. मंद झाल्या नव्हत्या. चौदा मेला बशांमध्ये बुरशी शिरली. आदल्या दिवशी दोनदा वीज गेली होती, मी घाईत उबेच्या कपाटाचं दार जास्त वेळ उघडं ठेवलं, हात नीट पुसले की नाही आठवत नाही. सगळ्या बशा फेकाव्या लागल्या. एकच बशी मी वेगळ्या कपाटात ठेवली होती, ती वाचली. तिच्यापासून पुन्हा सुरुवात केली. त्यात पंधरा-सोळा दिवस गेले.

मी कॅलेंडर घेऊन बसले होते. बुरशी लागली नसती तर पापुद्रे तेवीस मेला तयार असते. विष चढायला लागलं त्याच्या आदल्या दिवशी.

तुझ्या सर्जनना विचार आणि खरं काय ते सांग. मला सांभाळून घेऊ नकोस.

लता


नाशिक
२ जुलै १९८५

प्रिय लता,

विचारलं. त्यांनी तिचा केसपेपर पुन्हा काढून पाहिला. म्हणाले, “सिस्टर, वाचली असती असं मी सांगू शकत नाही. नसती वाचली असंही सांगू शकत नाही. हे कुणी कुणाच्या अंगावर अजून इथे लावलेलंच नाही.” त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. तुला हे घेऊन राहावं लागेल. मलाही माझं घेऊन राहायचं आहे.

आता ऐक. परवा भागुबाई आली होती. दहावा-तेरावा सगळं उरकलंय. वाळूसाठी स्थळं यायला लागलीत. ती वॉर्डाच्या दारात बसली होती, माझी ड्यूटी संपेपर्यंत.

“ताई,” म्हणाली, “ते रोप तुमच्या बहिनीकडं नेलं व्हतं, त्याचं काय झालं?”

मी तिला रोप असं कधीच म्हटलं नव्हतं. तिचं तिनेच ते नाव ठेवलं.

खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. सांगितलं, बुरशीचंसुद्धा सांगितलं. ती म्हणाली, “बुरशी तर आमच्या शेवंतीलाबी लागती. कोन मुद्दाम लावतं का.” मग थोड्या वेळाने, “मंजी ते अजून जितं हाय?”

“आहे.”

“मला बघायचंय.”

काय सांगू तिला?

सुमनताई


मुंबई
२५ जुलै १९८५

प्रिय ताई,

तू भागुबाईंना गाडीत बसवून दिलंस, त्या नीट पोचल्या आणि परतही नीट गेल्या असतील. त्या दिवसाचं तुला लिहायचं राहिलं.

सरांनी आत येऊ दिलं. मला वाटलं नव्हतं. सूक्ष्मदर्शकापाशी भागुबाईंना एक डोळा मिटता येईना, म्हणून मी त्यांच्या डाव्या डोळ्यावर हात धरला. त्यांनी नळीला दुसरा डोळा लावला.

“फरशी बशिवल्यावानी दिसतंय,” म्हणाल्या. “हालत का नाय?”

“हलतात, फार हळू.”

“खायला काय घालता?”

मी सांगितलं. “रोज?” “दिवसाआड.” “आईतवारी?” “रविवारीसुद्धा येते मी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढं नीट कुणी पाहिलं नव्हतं मला बऱ्याच दिवसांत. मग उबेच्या कपाटाला हात लावला. “ऊब हाय,” म्हणाल्या. मी म्हटलं, अंगाला असते तेवढीच ठेवतो.

खोलीवर आणलं. पाणी देताना माझा हात जरा अडखळला, तो त्यांना दिसला. “दे गं पोरी,” म्हणाल्या आणि घटाघटा प्यायल्या. जेवल्याही.

सरांचा एक विचार होता तो मी त्यांच्यापुढे मांडला. दुसऱ्याची अशी कातडी अंगावर कायमची टिकत नाही. पण जखमेवर ठेवली तर काही दिवस झाकण होते आणि खालून त्या माणसाची स्वतःची कातडी लवकर येते, असं परदेशात दिसलंय. गोजराच्या पेशींचे पापुद्रे कुणाला लावायचे, तर भागुबाईंची परवानगी हवी.

त्या म्हणाल्या, “तिचा बाप असता तर त्याला इचारलं असतं. नाय तो. सासरच्यांनी तर हात झटकले. मीच सांगते, द्या.” आणि जिना उतरताना म्हणाल्या, “कोनाचं हाय ते त्याला सांगू नका पर. मान्सं उगा जात इचारत्यात.”

वाळूचीही सही घे, सर म्हणतात कागद पक्का हवा.

लता


नाशिक
३० नोव्हेंबर १९८५

प्रिय लता,

वाळूच्या सहीला एवढे महिने लागले, पण तू पापुद्रे घेऊन आलीस, लावलेस आणि दुसऱ्या दिवशी निघून गेलीस. आईशी धड बोललीही नाहीस. म्हणून पुढचं कळवते.

चांदवडच्या पुंजारामचे दोन्ही हात ट्रॅक्टरच्या रेडिएटरमधल्या उकळत्या पाण्याने सोलपटले होते. डाव्यावर आपण पापुद्रे लावले आणि उजव्यावर नेहमीचं मलम. पाचव्या दिवशी मी पट्टी उघडली. पापुद्रे चिकटलेले होते. बाराव्या-तेराव्या दिवशी ते कुठे कुठे निघून आले आणि खाली गुलाबी कातडी होती, त्याची स्वतःची. डावा हात अठरा दिवसांत भरला. उजवा अजून ओला आहे.

सर्जन म्हणाले, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. तरी त्यांनी फोटो काढून घेतले.

भागुबाई दर बाजाराच्या दिवशी वॉर्डात डोकावते. पुंजाराम पाठ करून बसला होता. तिने लांबूनच त्याचा डावा हात पाहिला आणि मला शेवंतीची पुडी देऊन निघून गेली.

सुमनताई


मुंबई
८ फेब्रुवारी १९८६

प्रिय ताई,

गोजराच्या पेशी थांबल्या.

सव्विसावी लावणी होती. आमच्याकडे आजवर कुणाच्याही पेशी एवढ्या लांब गेल्या नव्हत्या. जानेवारीच्या मध्यापासून मला कळत होतं. आधी दहा दिवसांत भरणारी बशी पंधरा दिवस घ्यायला लागली. मग पेशी पसरट झाल्या. मी तो पदार्थ वाढवून बघितला, सीरम बदलून बघितलं. एक तारखेला पाहिलं तर बशीत एकही पेशी दुभंगत नव्हती. आणखी आठवडाभर मी पाणी बदलत राहिले. त्याने काही होणार नव्हतं.

गोठवून ठेवायची सोय आमच्याकडे नीट नाही. ठेवलेल्या दोन कुप्या उघडल्या, त्यातही काही जिवंत नव्हतं.

सर खूश आहेत, आकडा चांगला आला. लेखात या वेळी माझं नाव वर घालतो म्हणाले. काल शेवटच्या बशा धुवायला टाकल्या आणि मी दुपारीच खोलीवर आले. झोपले ती आज सकाळी उठले.

भागुबाईंना तू सांग. पत्राने नको, त्यांना वाचता येत नाही आणि दुसऱ्या कुणी वाचून दाखवू नये. आणि या वेळी लगेच सांग.

लता


नाशिक
१६ फेब्रुवारी १९८६

प्रिय लता,

पत्र मिळालं त्याच दिवशी मी मखमलाबादला गेले. भागुबाई वाफ्यात होती. मी बांधावरूनच सांगितलं, कारण जवळ गेले असते तर पुन्हा जीभ उचलली नसती. म्हटलं, “मावशी, ते रोप संपलं.”

ती खुरपं ठेवून उठली नाही. तशीच बसून राहिली. मी तिच्याशेजारी जाऊन बसले, साडीला चिखल लागला.

तिने विचारलं, “कवा?”

“एक तारखेला.”

ती बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. वैशाखात थर्मास गेला होता. वैशाखापासून पौषापर्यंत, मधला धोंड्याचा महिना धरून. एकदा मोजलं, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“नऊ महिने,” म्हणाली. “वर धा-बारा दिस.”

मी मान हलवली.

“मीबी तिला तेवढंच वागिवलं व्हतं पोटात,” भागुबाई म्हणाली. “तुमच्या बहिनीला सांगा, आता चार दिस आराम कर म्हनावं. बाळंतिनीनं लगी कामाला लागू नये.”

मग ती पुन्हा खुरपायला लागली. आईने तुझं अंथरूण घातलंय. ये.

तुझी,
सुमनताई